सुटी फोड

आमच्या यवतच्या ऑफिसात किस्से घडत नाहीत, साचतात. सिंकमधल्या चहाच्या कपांसारखे. धुवायची पाळी कोणाची हे ठरेपर्यंत आणखी चार येऊन पडतात!

ऑफिस म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मी, विकास आणि मीना. शेतातल्या मोटारी मोबाईलवरून चालवायला आम्ही एक छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा केलीय. तिच्यात ‘मोटारी’ लिहून पुढे कंसात २:५ टाकलं की यादीचा तेवढा तुकडा मिळतो. त्याला आम्ही फोड म्हणतो. २: लिहिलं तर दोनपासून पुढचं सगळं.

विकास म्हणायचा, नुसतं २:५ लिहिलं तरी चालावं, सुटी फोड. मी म्हणायचो, कशाची फोड ते आधी सांगा. दोन वर्षं हाच वाद! शेवटचा शब्द माझा होता. पण भाषेचा सगळा कोड विकासचा; तो गेला तर भाषा बंद, हेही मला ठाऊक होतं.

*

एकदा मी डब्यातला कांदा वर धरला. “हाच नसेल तर फोड कशाची करणार?”

विकासने सुरी उचलली. “सर, सुरीबी कांद्याबरूबरच इकत घेता व्हय?”

तो कांदा मी रागारागाने खाल्ला.

*

आमच्या २:५ मध्ये पाच धरत नाहीत, चारलाच थांबतात. हे एका झेंडूवाल्या शेतकऱ्याला कोणी सांगितलंच नाही. त्याची पाच नंबरची मोटार आठवडाभर बंद!

“सगळ्या भाषांत असंच असतं, मामा,” मी म्हणालो.

“आमच्या न्हाई,” तो म्हणाला. झेंडू वाळला होता.

*

विकासचे वडील कवठे येमाईहून आले, तेव्हा मी त्यांनाच पंच केलं. “आप्पा, कोणी नुसतं ‘आठ ते चार’ म्हटलं तर काय कळतं?”

“लाईट!” आप्पा म्हणाले. “मोटारीची लाईट. दुसरं काय आसतंय आठ ते चार?”

विकासने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेच जास्त लागलं.

*

मीनाने रजेच्या वहीत नुसतं ‘१०:१२’ लिहिलं. मी वही परत पाठवली. “कशाचं १०:१२?”

“रजा, सर! रजेच्या वहीत दुसरं काय लिव्हणार?”

“मग तसं लिही.”

तिने लिहिलं. बारा तारखेला पाबळहून हजर झाली, कारण बारा धरायचे नसतात! मी बारा धरून, कुलूप लावून विकासला घेऊन दौंडला गेलो होतो. बिचारी दोन तास जिन्यात बसली.

*

शेवटी मी निर्णय लिहून टाकला: सुटी फोड चालणार नाही.

“बरं,” विकास म्हणाला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

सोमवारी, पंधरा तारखेला, त्याची खुर्ची रिकामी होती. मीना रजेची वही घेऊन आली. विकासच्या नावापुढे त्याच्या अक्षरात एवढंच होतं: ‘१५:’

“सर, परत पाठवू का? कशाचं त्ये लिव्हलंच न्हाई त्यानं.”

“नको,” मी म्हणालो. “कळलं.”