रुचाच्या वॉर्डाचा निकाल, व्हाया गॉलवे

किस्से कोणी ठरवून साठवत नाही हो. घरातले प्लास्टिकचे डबे वाढतात तसे ते वाढतात. एक शेजारून आलेला, एक शेजारी गेलेला, आणि कुठलं झाकण कशाला बसतं ते देवालाच ठाऊक! आयर्लंडमधल्या आमच्या गॉलवेच्या मराठी कंपूत निवडणुकीचे किस्से असेच जमले. गंमत म्हणजे निवडणूक गॉलवेत नव्हतीच. ती होती समुद्रापलीकडे, इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या शहरात, सिटी कौन्सिलची. धाकधूक मात्र सगळी आमच्या गल्लीत!

कारण उमेदवार होती रुचा, म्हणजे माझ्या शेजारच्या अभिजितची धाकटी बहीण. अभिजित इथे मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत आहे. बायको केतकी, आणि सात वर्षांची मिहिका. मिहिकाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते पक्क्या गॉलवेच्या इंग्लिशमध्ये. त्यांच्या आणि आमच्या परसात कमरेएवढी भिंत आहे. लॉकडाऊनमध्ये माझं सगळं सामाजिक आयुष्य त्या भिंतीवरच चाललं होतं, तेव्हा जे सांगते ते अगदी फर्स्ट हँड!

आणि या घरात होते नाना. अभिजितचे वडील, वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावचे. २०२०च्या फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी आले आणि अडकले. सरकार व्हिसा वाढवत गेलं, नाना राहत गेले.

* * *

नाना आले त्याच आठवड्यात इथली सार्वत्रिक निवडणूक होती. आपल्याकडे दुपारपर्यंत गुलाल उडून मोकळा होतो. इथे मोजणी चालते दोन-दोन, तीन-तीन दिवस! मत देताना पसंतीचे आकडे टाकायचे, एक, दोन, तीन. सगळ्यात कमी मतांचा उमेदवार बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. त्याला म्हणायचं ट्रान्स्फर. मग पुन्हा मोजा, की झाला पुढचा काउंट!

नानांना इंग्लिश कळत नव्हतं, पण आकडे कळत होते. मोजणी संपेपर्यंत टीव्हीसमोरून हलले नाहीत. केतकीने ताट तिथेच नेऊन दिलं. सगळं संपल्यावर म्हणाले, "हे बेस हाय बाप्पा! पडलेल्याची मतं बी कोनाच्या तरी कामी येतात. आमच्याकडे तर पडलेल्याच्या घरचा चहा बी कोनी पेत नाही."

आम्ही खो खो हसलो. नाना हसले नाहीत.

* * *

वर्षभराने रुचाने व्हिडिओ कॉलवर जाहीर केलं, की ती कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहतेय.

अभिजित म्हणाला, "अगं ए, तुझा पासपोर्ट अजून भारताचा आहे. तू कुठली उभी राहतेस?"

"चालतं दादा. कॉमनवेल्थवाल्यांना इथे राहत असतील तर चालतं."

"बघा!" केतकी म्हणाली. "दीडशे वर्षं राज्य केलं, त्याचा हा एवढा एक रिफंड!"

या गडबडीत नाना खुर्चीवरून उठले आणि निघून गेले. जाताना एवढंच बोलले, "नाव मागं घेतलं की सांग म्हना तिले. तवा बोलीन मी."

मग केतकीने भिंतीवरून मला खरी गोष्ट सांगितली. नाना स्वतः एकदा नगरपरिषदेला उभे होते. पडले. नुसते पडले नाहीत, डिपॉझिट गेलं. विजयाची मिरवणूक मुद्दाम त्यांच्या दारासमोर थांबवून वाजवली. रुचा तेव्हा चौथीत. वर्गातल्या पोरांनी तिला वर्षभर 'डिपॉझिट' म्हणून हाक मारली. नानांनी शपथ घेतली, की या घरातलं कोणी पुन्हा उभं राहणार नाही. आणि आता तीच पोरगी, तीही परक्या देशात! माणूस चिडला नव्हता हो, घाबरला होता. मला फार वाईट वाटलं.

* * *

पण अबोला कसा पाळावा ते नानांकडून शिकावं! रुचाचा कॉल आला की नाना परसात दोरीवरचे कपडे काढायला जायचे. रोज. आता गॉलवेचा पाऊस तुम्हाला माहीत नाही. इथे कपडे बाहेर वाळत घालणं हा नुसता आशावाद आहे.

एकदा मी भिंतीपाशी उभी होते. कॉल आला, नाना बाहेर आले. दोरीवर एक रुमालही नव्हता. आतून केतकी ओरडली, "नाना, कपडे सगळे आत आहेत!"

नाना दोन मिनिटं रिकाम्या दोरीकडे पाहत राहिले. मग आत गेले, वाळलेल्या कपड्यांची बादली घेऊन आले आणि भर रिमझिमीत एकेक कपडा दोरीवर टाकायला लागले. कॉल चाळीस मिनिटं चालला. दुसऱ्या दिवशी केतकीने सगळं परत धुतलं. एका शब्दाने बोलली नाही, गुणी बाई!

* * *

रुचाचं पत्रक आलं. साधं, स्वच्छ. एक फोटो आणि तीन मुद्दे: सायकलचे रस्ते, कचरापेट्या, विद्यार्थ्यांची घरभाडी. आमच्या ग्रुपवर एकच ओरड, "शुभेच्छुक कुठे आहेत?"

अभिजितने रात्रीत... छे, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून, एक झकास फ्लेक्स बनवला. मधे रुचा हात जोडून, खाली आम्ही सगळे गोल चौकटीत, मी गॉगल लावून! आणि सगळ्यात वर, फेटा बांधलेले नाना, 'मार्गदर्शक'. फोटो त्यांच्या भाच्याच्या लग्नातला.

रुचाला तो इतका आवडला, की तिने तो मैत्रिणीला पाठवायला घेतला आणि घाईत टाकला वॉर्डातल्या मतदारांच्या ग्रुपवर! पाच मिनिटांत एका ऐंशीच्या बाईंचं उत्तर आलं, "इतके सगळे उमेदवार! छान. मी वरच्या फेटेवाल्यांना मत देईन."

हा किस्सा अभिजितने जेवताना मुद्दाम मोठ्याने सांगितला. नाना खाली मान घालून भात कालवत होते. शेवटचा घास घेऊन म्हणाले, "कोन्ता फोटो टाकला व्हता?"

* * *

निकालाचा दिवस आला, मे महिन्यातली लख्ख दुपार. अभिजितने लॅपटॉपवर आकडे उघडले होते, आमचा कंपू झूमवर, मी भिंतीशी. नाना स्वयंपाकघरात लसूण सोलत, पाठ फिरवून. इतका लसूण, की महिनाभर पुरावा.

आकडे आले. रुचा दुसरी. एकतीस मतांनी मागे.

कोणीही घाबरलं नाही! अभिजित शांतपणे म्हणाला, "फर्स्ट काउंट आहे. ट्रान्स्फर्स यायच्यात अजून." पलीकडच्या बाजूने शेजारी टॉम डोकावला. तोही म्हणाला, "शी'ल बी ग्रँड ऑन द ट्रान्स्फर्स." झूमवर कोणी चहा टाकला, कोणी खिचडीला फोडणी दिली. अभिजितने एक्सेल उघडून तिसऱ्या-चौथ्या उमेदवाराची मतं कुठे जातील त्याचा हिशोब मांडला. रुचा नव्वद मतांनी निवडून येत होती!

तेवढ्यात तिचा मेसेज: 'घरी निघालेय.'

अभिजितने तडक फोन लावला. "अगं, मोजणी सोडून कुठे चाललीस? अजून दोन काउंट आहेत!"

"दादा," रुचा म्हणाली, "इथे एकच काउंट असतो."

इतकी वर्षं आयर्लंडमध्ये राहून आम्ही सगळे पार आयरिश होऊन बसलो होतो! जगात कुठे मतं एकदाच मोजत असतील, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.  झूमवर एकेक चौकट विझत गेली.

* * *

संध्याकाळी रुचाचं सगळं छान चाललं होतं. म्हणजे ग्रुपवर तरी. 'मी मजेत', 'अनुभव मस्त', हसरे चेहरे. तिला पुन्हा फोन करायची मात्र कोणाची छाती होईना. अभिजित म्हणे तू कर, केतकी म्हणे बहीण तुझी. मीही, खोटं कशाला बोलू, भिंतीवरच्या कुंड्या उगाच इकडच्या तिकडे करत होते.

मिहिका दिवसभर सगळ्यांच्या तोंडून एकच ऐकत होती, 'आत्या पडली'. शेवटी ती पायरीवर बसलेल्या नानांपुढे जाऊन उभी राहिली.

"आजोबा, आत्या फेल डाउन! इज शी हर्ट? नोबडीज इव्हन आस्किंग हर!"

नानांना इंग्लिश येत नाही. पण 'आत्या' कळलं, आणि पोरीचे डोळे भरलेले दिसले. केतकीने हळूच अर्थ सांगितला. नाना पायरीवरून उठले, अभिजितपाशी गेले. मग म्हणाले, "लाव फोन."

अभिजितने स्पीकरवर लावला.

"रुचा, पडली म्हन्तेत तू."

"हो नाना."

"लागलं काय वं पोरी?"

 दिवसभर मजेत असलेली रुचा हमसून हमसून रडायला लागली. "खूप लागलं, नाना."

"लागतेच," नाना म्हणाले. "मलेबी लय लागलं व्हतं. पन कोनी इचारलंच नाही."