बुटक्या धरणाचे मालक

माझ्या बायकोच्या मामांइतका रागीट माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तो मामांशी पाच मिनिटं बोलून तसा झालेला असणार. सकाळी उठून लोक देवाचं नाव घेतात, मामा सरकारी खात्यांची घेत. त्या नावांआधी ते जी विशेषणं लावत, ती इथे छापता येणार नाहीत. या सगळ्या रागाचं मूळ म्हणजे इगतपुरीच्या पलीकडे त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, स्वतःच्या शेतात ओढा अडवून बांधलेलं मातीचं छोटं धरण. त्याच्या खाली, ओढ्याच्या काठाने, एक वाडी आहे. धरण फुटलं तर वाडी राहणार नाही, हे मामा झोपेतसुद्धा विसरत नसत.

रोज सकाळी ते अनवाणी धरणावर फिरत. चपलेला ओल कळत नाही म्हणे. पायथ्याशी जो पाझर होता, तिथे काचेचा पेला धरून ते पाणी उजेडात न्याहाळत, आणि समाधान झालं की तोच पेला विसळून त्यात चहा घेत. "पाझर निवळ असला तर नुसतं पाणी जातंय. गढूळ झाला तर धरण जातंय," हे वाक्य त्यांनी माझ्या लग्नात, अक्षता हातात असताना, शेजारी उभ्या असलेल्या भटजींना ऐकवलं होतं. जेवायला बसले की भाताचं आळं करून त्यात वरण ओतायचे आणि काठाला बोटाने भोक पाडून पोरांना धरण कसं फुटतं ते दाखवायचे. मामी ताटाखालचं वरण पुसता पुसता कपाळाला हात लावत. एका रिसॉर्टवर आमच्या भाचीचं बारसं होतं, तिथे वरच्या अंगाला शोभेचा तलाव दिसला. मामांनी पेढा परत ताटात ठेवला आणि मॅनेजरला म्हणाले, "पेढा मागनं. आधी सांडवा दाखवा." सांडवा म्हणजे जादा पाणी वाहून जायची वाट. मॅनेजरला तो शब्दच ठाऊक नव्हता. शेवटी पाळणा उचलून टेकाडावर न्यावा लागला. बाळाच्या आत्या अजून आमच्याशी धड बोलत नाहीत.

आपलं धरण कुणी जाणत्या इंजिनिअरने येऊन तपासावं, एवढीच त्यांची मागणी होती. त्यासाठी ते नाशिकला, गंगापूर रोडवर आमच्याकडे मुक्काम टाकत आणि मी त्यांना माझ्या गाडीतून कचेऱ्या फिरवी. एका कचेरीत सांगितलं, धरण खासगी आहे, आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या कचेरीतल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "काका, सुरक्षेचा कायदा मोठ्या धरणांना आहे. तुमची उंची बसत नाही." मामांचा आवाज तळमजल्यापर्यंत गेला. "म्हंजी उंच धरान फुटल्यावर मानसं बुडत्यात, आन् बुटकं फुटल्यावर नुसती भिजत्यात का?" शिपायाने आम्हाला जिन्यापर्यंत पोहोचवलं. त्या दिवशी मला मामांची लाज वाटली नाही, त्या साहेबांची वाटली.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर मामा मोतीबिंदू दाखवायला आमच्याकडे आले असताना, ज्या कचेऱ्यांना ते धरण सापडत नव्हतं त्यांतल्याच एकीला ते बरोबर सापडलं. वृक्षारोपणासाठी! माती मऊ, मागे पाणी, फोटो झकास. बॅनर लावून धरणाच्या माथ्यावर वड-पिंपळाची रोपं ओळीने लावून मंडळी गेली. मातीच्या धरणावर झाड म्हणजे घरात पाळलेला साप. मुळं मेली, कुजली, की त्याच वाटेने पाणी निघतं. मामांनी परत गेल्यावर एकेक रोप मुळासकट काढलं आणि रस्त्याच्या कडेला नीट लावून पाणीही घातलं. लगेच नोटीस आली, शासकीय रोपांची नासधूस केल्याबद्दल. धरण बघायला यांना माणूस मिळत नव्हता, रोपं मोजायला मात्र जीप भरून आली. हे लिहितानाही माझ्या कपाळाची शीर उडते आहे.

त्याच पावसाळ्यात, संततधार लागलेली असताना, पेल्यातलं पाणी गढूळ आलं. मामांनी फोन केले, मीही केले. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." मग मामांनी वाडीतली म्हातारी माणसं आणि पोरं वरच्या शाळेत नेऊन बसवली आणि वाडीतलेच गडी घेऊन, पहारींनी, सांडव्याचा दगडी उंबरा एकेक दगड काढून उतरवत नेला. पाणी हळूहळू, बेताबेताने ओढ्यात सोडलं. संध्याकाळपर्यंत वडिलांनी भरलेल्या तळ्याचं डबकं झालं. पायथ्याशी माती खचून भगदाड पडलं होतं, पण त्यातून वाहायला आता पाणी उरलं नव्हतं. वाडीतल्या एका आजीबाईंनी मामांचे हात धरले. "भाऊ, उन्हाळ्याला पानी नाय आता. पन आमी हाव."

पाऊस उघडल्यावर मी मामांकडे गेलो होतो, तेव्हा ते उंचीवाले साहेब आले. सांडवा कुणाच्या परवानगीने फोडला, असं त्यांनी विचारलं. मी मामांकडे बघितलं. आता आभाळ फाटणार, अशी माझी खात्री होती. मामा शांतपणे म्हणाले, "आलात व्हय. बसा, चहा घ्या." मग मीच ओरडलो. आयुष्यात कधी कुणाला बोललो नव्हतो एवढं त्या माणसाला बोललो. मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला गप्प केलं.

साहेब गेले तरी मी धुमसतच होतो. मामा मला घेऊन धरणाच्या माथ्यावर बसले. खाली गाळात बगळे उतरले होते आणि पलीकडे वाडीत चुली पेटल्या होत्या. त्यांनी खालच्या गाळाकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "हितंच आमच्या आबांनी पवायला शिकवताना पाठीला भोपळा बांधून ढकललं मला. लय खोल वाटायचं तवा."