नुसते ओठ हलव : दादर ते ठाकूरद्वार, एका दिवसात

माझ्या मैत्रिणी व्हिएतनामला जातात, एकीने तर आइसलँडचे पाच भाग लिहिले. मी परवाच्या शनिवारी दादर, लालबाग आणि ठाकूरद्वार असा दौरा केला. व्हिसा लागत नाही आणि डबा नेला तर जेवणाचाही प्रश्न मिटतो. फक्त लाडक्या शिक्षकांसमोर उभं राहायचं धाडस लागतं. ते जमवायला मला चाळीस वर्षं लागली.

निमित्त घडलं ते लेकीच्या लग्नाचं. गार्गीचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय. "आई, एक मंगलाष्टक तू म्हणायचं," असं ती म्हणाली, मी हो म्हटलं आणि मग मला घाम फुटला. मी गात नाही. सातवीत समूहगीताच्या तालमीत पाटकर बाई माझ्यापाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव." बाई माझ्या सगळ्यात लाडक्या. त्यांचा शब्द मी असा पाळला की त्यानंतर आरती असो, वाढदिवस असो, ऑफिसातला निरोप समारंभ असो, मी ओठ हलवत आले. आता इतके सुरेख हलतात की व्हिडिओवाला हमखास कॅमेरा माझ्यावर धरतो. तर बाईंना गाठायचं आणि गायची परवानगी मागायची, असं मी ठरवलं.

पहिला मुक्काम दादर. इथे मराठीचे गोगटे सर राहतात. बाईंचा पत्ता त्यांच्याकडे होता आणि मंगलाष्टकही त्यांच्याकडूनच घ्यायचं होतं. सर निवृत्तीनंतर मागणीप्रमाणे मंगलाष्टकं लिहून देतात. सकाळी दहाच्या आत जा, नंतर नवरदेवांच्या आयांची रांग लागते. शाळेत सर निबंधातला प्रत्येक 'अत्यंत' लाल शाईने कापायचे. आता समोर वही उघडून बसले होते.

"जावई काय करतो?"

"सर, क्लाउडमध्ये आहे."

"मेघ लिहितो," सर म्हणाले आणि पाच मिनिटांत ओळ तयार झाली : 'मेघांचा धनि तो जवाइ गुणि हा, गार्गीस लाभे वर'.

एका ओळीत तीन ऱ्हस्व चुका. शाळेत एवढ्यावर अख्खं पान पुन्हा लिहायला लागायचं. मी भीत भीत बोट ठेवलं.

"वृत्तात बसवायचं तर चालतं," सर म्हणाले. "आणि खाली एक 'अत्यंत' पण घातलाय. अक्षरं कमी पडत होती."

मंगलाष्टक पर्समध्ये टाकून मी लालबागची बस धरली. बाईंसाठी तिथला चिवडा घ्यायचा होता. गल्लीत शिरताना पोट रिकामं ठेवा, कारण दुकानदार चव बघायला देतात आणि हात आखडता घेत नाहीत. तिथून शाळा चालत दहा मिनिटांवर. गिरणीतल्या बापांच्या पोरींनी भरलेली आमची शाळा आता 'ग्लोबल' झाली आहे. फाटकावरचा गुरखा माझ्या वयाकडे बघून जरा घुटमळला.

"मॅडम, अ‍ॅडमिशन? नातू का नात?"

"माझंच. कधीच झालंय," मी म्हटलं. त्याने आत काही सोडलं नाही, फोटो मात्र स्वतःहून काढून दिला.

लालबागहून ठाकूरद्वारला टॅक्सी केली. टॅक्सीवाल्यांनो, सुट्टे पैसे ठेवत जा. बाईंची वाडी देवळामागे आहे. जिना अंधारा, कठडा धरूनच चढा. ऐंशी ओलांडलेल्या बाईंनी दार उघडलं आणि चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं.

"तळवडेकर ना तू? मागची रांग."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. चिवडा पुढे केला, तर बाई म्हणाल्या, "दात नाहीत गं, पण राहू दे." मग मी धीर करून विचारलं, "बाई, तुम्ही मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. माझा आवाज इतका वाईट होता?"

"कुणास ठाऊक. मी ऐकलाच नव्हता."

"म्हणजे?"

"अगं, स्टेजवर चाळीस मुली, माइक एक, तोही पुढच्या रांगेत. पुढे बुटक्या सातजणी होत्या, त्यांना गायला लावलं. उंच मुलींना मागे उभं करून ओठ हलवायला सांगितलं. परीक्षकांना स्टेज भरलेलं लागतं."

"पण आपल्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं."

"मग? पद्धत बरोबरच होती."

मला राग आला, खरंच आला. पाच फूट पाच इंच उंचीपायी मी चाळीस वर्षं गप्प बसले होते. मी पर्स उघडली, सरांचा कागद काढला आणि म्हटलं, "आता ऐका." बाईंनी पेटीवरचं फडकं काढलं.

मी म्हटलं. बाईंनी भाता थांबवला. "पट्टी चढी घेतलीस. खाली ये. परत." मी परत म्हटलं. "'जवाइ'वर श्वास तोडू नकोस. परत." खालून भाजीवाला ओरडत गेला, चहा गार झाला, बाई थांबेनात. तासाभराने त्यांनी पेटी बंद केली.

"आवाज बेताचाच आहे तुझा," बाई म्हणाल्या. "पण सूर धरतेस. लग्नात म्हण." आणि दारापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "तेव्हा ऐकायला हवं होतं गं मी."

घरी पोचले. या प्रवासाला किती तारे द्यावेत ते मला ठरवता येत नाही. सर आवडायचे, अजून आवडतात, 'अत्यंत'सकट. बाईंवरचा राग टॅक्सीतच निम्मा उतरला, निम्मा आहे आणि तो राहू द्यायचं मी ठरवलंय. गार्गी सोफ्यावर पत्रिकांवर नावं घालत होती. मी तिथेच उभी राहून चारही ओळी म्हटल्या. तिचं पेन थांबलं.

"आई, मी तुला गाताना कधी ऐकलंच नव्हतं," ती म्हणाली.

बरोबर होतं तिचं. ती तान्ही असताना तिला झोपवायला मी अंगाईची कॅसेट लावायचे. माझी लेक दुसऱ्याच कुणा बाईच्या आवाजावर झोपी जायची आणि मी पाळणा हलवत, शेजारी बसून, ओठ हलवायचे.