नात्यातला पेशंट
मानसतज्ज्ञांसाठी नवी आचारसंहिता लागू झाली. नात्यातल्या माणसावर उपचार करायचे नाहीत, हा नियम त्यात स्वतः मानसतज्ज्ञ असलेल्या बाईंनीच समितीशी भांडून घालायला लावला होता. आठवड्याभरात त्यांचा सख्खा भाऊ दवाखान्यात येऊन थडकला. मागे वहिनी, खाली मान घालून.

"ताई, हिला झोप नाही, सारखी रडते. तूच बघ. बाहेर बोभाटा नको."

"मला नाही बघता येणार. दुसऱ्या तज्ज्ञांकडे पाठवते."

"घरच्यांपेक्षा नियम मोठे झाले का गं तुला?" भावाचा आवाज चढला.

तेवढ्यात वहिनी पहिल्यांदाच बोलली, "मलाही परक्याकडेच जायचंय. तुमच्याबद्दल तुमच्या बहिणीपाशी कसं बोलू?"

भाऊ मटकन खाली बसला. बाईंनी फोन लावला आणि वहिनीसाठी दुसरीकडची वेळ घेतली.