शेवंतीची पावलं

आमच्या धंद्यात आवाज साठवता साठवता किस्सेच जास्त साठतात. आवाज डिलीट तरी करता येतात, किस्से नाही. त्यात आमचा स्टुडिओ म्हणजे कांदिवलीला, चारकोपमधला वन बीएचके. बेडरूममध्ये माइक, हॉलमध्ये आम्ही दोघं. आवाजाचं मी बघते, म्युझिकचं ओंकार.

सगळ्यात जास्त किस्से झाले मनालीच्या फिल्मचे. मनाली मुलुंडची, अ‍ॅनिमेटर. चार वर्षं खपून तिने एकटीने सात मिनिटांची फिल्म काढली. शेवंती नावाची मुलगी अनवाणी डोंगर चढून जत्रेला जाते, एवढीच गोष्ट. डायलॉग एकही नाही. पहिल्याच दिवशी मनाली म्हणाली, "बाकी काही चुकलं तरी चालेल, शेवंतीची चाल चुकवू नका." आम्ही माना डोलावल्या.

*

पहिली अडचण कुकरची. माइक आमचा झकास, त्यामुळे वरच्या मजल्यावरची शिट्टी थेट शेवंतीच्या डोंगरावर वाजायची. शेवटी जिन्यात चिठ्ठी लावली, की अकरा ते बारा कृपया शिट्ट्या नकोत, रेकॉर्डिंग आहे. वाटलं, आता लोक भांडायला येणार.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला वरच्या नाईककाकूंचा फोन. "अगं गौरी, डाळीच्या दोन झाल्यात. तिसरी घेऊ, का तुमचं होऊ दे?"

अशी बिल्डिंग नशिबाने मिळते बरं का!

*

पावलांचे, कपड्यांचे, खाण्यापिण्याचे आवाज करायला तावडेकाका. पडद्याकडे बघत हे सगळं हातापायांनी करायचं, त्याला आमच्यात फॉली म्हणतात. काकांनी तीस वर्षं मोठमोठ्या हिरोंची पावलं वाजवली, पण एकाही हिरोला ते भेटलेले नाहीत.

जत्रेतल्या माणसांसाठी चपला घ्यायला मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले. काका एकेक चप्पल हातात घ्यायचे, डोळे मिटून फरशीवर आपटायचे आणि बाजूला ठेवायचे. अकरा जोड झाल्यावर दुकानदाराने साइज विचारली.

"साइज कुठली पण चालेल," काका म्हणाले. "आवाज दाखव."

*

फिल्ममध्ये एक बकरी आहे. तिच्या चघळण्याचा आवाज मी नेटवरून घेतला होता. काकांनी ऐकला आणि म्हणाले, ही बकरी फॉरेनची आहे. दुसऱ्या दिवशी माठाच्या देठांची जुडी आणली आणि माइकसमोर बसून स्वतः संपवली, तीही कच्ची.

ओंकारच्या ओळखीचे एक मोठे साउंडवाले ते ऐकून गेले. बकरी कुठल्या गावात रेकॉर्ड केली, असं विचारत होते. मी ताठ मानेने सांगितलं, चारकोपात.

*

आता माझी चूक सांगते. काकांनी शेवंतीची पावलं केली. कॉम्प्युटरवर बघते तर दर दुसरं पाऊल किंचित उशिरा. मला वाटलं, काकांचं वय झालं, पाय अडखळला असेल. त्यांना वाईट नको वाटायला म्हणून गुपचूप एकेक पाऊल ओढून सरळ केलं, आणि त्यावर ओंकारने चार मात्रांची ढोलकी बसवली. मी पडद्याकडे बघतच नव्हते, आवाजाच्या रेघांकडे बघत होते.

मनालीने सगळं ऐकलं, छान आहे म्हणाली आणि चहा न घेता निघाली. दारापर्यंत गेली तेव्हा पहिल्यांदा मी तिच्या पायांकडे नीट पाहिलं. तिचा डावा पाय जरा आखूड आहे. शेवंतीचाही तसाच काढलाय. चार वर्षं ती स्वतःची चाल काढत होती आणि मी दोन तासांत ती पुसून टाकली. लाजेने मेले.

*

दुसऱ्या दिवशी तिला परत बोलावलं. सगळं कबूल केलं, तिच्याकडे आणि काकांकडेही. काका एवढंच म्हणाले, "मला पडद्यावर दिसलं तेच मी वाजवलं." मग बेडरूममधल्या, पावलांसाठी माती भरलेल्या ट्रेकडे बोट दाखवून मनालीला म्हणाले, "बाय, मी तुझी नक्कल केली. अस्सल तू चाल."

ती नाहीच म्हणत होती. शाळेपासून लोक तिला सांगत आलेत, नीट चाल. शेवटी सँडल काढून ट्रेमध्ये उभी राहिली. मी रेकॉर्डिंग चालू केलं. ती खाली मान घालून जागच्या जागी चालू लागली.

ओंकार कपाळाला हात लावून बसला होता. ही पावलं त्याच्या ढोलकीत बसणार नव्हती आणि फिल्म चार दिवसांत फेस्टिव्हलला पाठवायची होती. काका मात्र डोळे मिटून मांडीवर हलका हात मारत होते. ते देवगडकडचे, भजनी मंडळात पखवाज वाजवतात. एक, दोन, तीन, मग पाऊल. एक, दोन, तीन, चार, परत पाऊल.

"ओंकार," डोळे न उघडता काका म्हणाले, "तां चेडू सातात चालता. तेका चारात कित्याक कोंबतास?"

पोरगी सात मात्रांत चालत होती आणि आम्ही तिला चारात कोंबत होतो. ओंकारने ढोलकी काढून टाकली.

मनाली थांबली होती. तिने मान वर केली.

"काका, हा टेक नको," ती म्हणाली. "परत घ्या. आता जरा जोरात चालते."