जोडीनं करायचा सराव

माझे यजमान वारल्यानंतरच्या पहिल्या शिबिराला मी सकाळच्या बसनं गोंदियाला निघाले, तेव्हा दुकानाचं शटर ओढून कुलूप लावताना हात थबकले. शटर ओढायचं काम यांचं असे आणि किल्ली माझ्याकडे. आता दोन्ही कामं माझीच होती.

सडक अर्जुनीला आमचं विजेच्या सामानाचं छोटं दुकान आहे. आम्ही दोघं गोंदियाच्या आयटीआयमध्ये एकाच वर्गात होतो, इलेक्ट्रिशियनच्या. त्या वर्गात मुलगी मी एकटीच. माझं माहेर कामठ्याचं, शेतकऱ्याचं घर. मुलीनं पक्कड आणि टेस्टर हातात घेणं घरात कुणाला फारसं रुचलं नव्हतं, पण यांच्याशी लग्न ठरलं आणि तो प्रश्न मिटला. पुढे ठेकेदारीचा परवाना यांनी काढला, सुपरवायझरचं सर्टिफिकेट मी. हायवेवरचे ढाबे, भाताच्या मिली, शेतातले पंप, सगळी कामं आम्ही जोडीनं केली. शिडीवर हे, खाली मी. काम झालं की तपासणी करून रिपोर्टवर सही माझी. मग ते आजारी पडले, नागपूरला दवाखान्यात राहिले, आणि तिथूनच गेले. मुलगा हैदराबादला नोकरी करतो. तो म्हणाला, "आई, दुकान विक आणि इकडं ये." मी परवाना माझ्या नावावर करून घेतला.

परवान्याची मुदत संपत आली की नूतनीकरण करावं लागतं. त्या वर्षी ठेकेदारांच्या संघटनेनं कळवलं होतं, उजळणीचं शिबिर करा आणि त्याचा दाखला अर्जाला जोडा. अशी शिबिरं आधीही झाली होती आणि आम्ही दोघं बरोबर जात होतो. यांना वर्गात बसलं की झोप यायची. मी ऐकायची आणि परत येताना बसमध्ये त्यांना समजावून सांगायची. ते मुद्दाम उलटसुलट प्रश्न विचारून मला चिडवायचे. वाटेतलं गोरेगाव येईपर्यंत आमचा तो दुसरा वर्ग चालायचा.

शिबिर एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये होतं. दारातल्या टेबलावर संघटनेचा माणूस नावं लिहून घेत होता. माझ्या मागे पाहत त्यानं विचारलं, "आपके यहाँ से कौन आया है, मॅडम?"

"मैं ही."

"लायसन किसके नाम से है?"

"मेरे."

त्यानं नाव लिहिलं, पिशवी दिली, वही-पेन दिलं. वाईट काही बोलला नाही. पण आत गेल्यावर मी जिथे बसले, ती रांग माझ्या दोन्ही बाजूंनी रिकामीच राहिली. सगळे पुरुष. ओळखीचे चेहरेही होते, नमस्कार केला, तब्येत विचारली, आणि पुढच्या-मागच्या रांगांत जाऊन बसले. गर्दीत एखाद्या बाईशेजारी बसायला माणसं संकोचतात, हे मला कळतं. तरी शेजारच्या खुर्चीवर मी पिशवी ठेवली ती उगाच, खुर्ची भरलेली दिसावी म्हणून.

शिकवणारे नागपूरहून आले होते. तरुण होते, हळू आणि नीट बोलत होते. नवे नियम, घराच्या छतावरचं सोलर, करंट गळायला लागला की लाईन तोडणारा ब्रेकर कुठे बसवणं आता गरजेचं आहे, असं एकेक सांगत होते. एकदा त्यांनी एका लग्नाच्या मंडपातल्या वायरिंगचा फोटो दाखवला. उघडे जोड, त्यावर सेलोटेप. आम्ही असाच मंडप डोंगरगावच्या बाजूला पाहिला होता आणि हे मंडपवाल्याशी भांडले होते. मी हसून डावीकडे वळले. तिथे पिशवी होती.

दुपारी जेवणाआधी त्यांनी रबराचा एक पुतळा टेबलावर निजवला. नुसतं धड आणि डोकं. शॉक लागून माणसाचं हृदय थांबलं तर काय करायचं, त्याचा सराव होता. "दोघादोघांच्या जोड्या करा," ते म्हणाले. "एक जण छाती दाबेल, दुसरा मदतीला हाक देईल आणि दमल्यावर त्याची जागा घेईल. हे एकट्यानं फार वेळ करता येत नाही."

खुर्च्या सरकल्या. एका मिनिटात सगळ्यांच्या जोड्या झाल्या. मी उभीच होते. कुणाकडे पाहावं कळेना, म्हणून पुतळ्याकडे पाहत होते. तेवढ्यात भिंतीजवळून एक म्हातारे गृहस्थ उठले आणि माझ्याजवळ आले. पांढरा सदरा, गळ्यात दुपट्टा, पायात रबरी चपला.

"तुमाले बी कोनी नाही का?" त्यांनी जरा मोठ्यानंच विचारलं.

"नाही, काकाजी."

"जोरानं बोला. हा कान कामाचा नाही, या कानात बोला."

ते चोरखमाऱ्याचे होते, तिरोड्याहून रेल्वेनं आले होते. आमची पाळी आल्यावर ते पुढे झाले, त्यांनी तो पुतळा पालथा केला आणि दोन्ही हातांनी पाठ दाबू लागले. हॉलमध्ये हशा पिकला. पूर्वी असंच शिकवत. प्रत्येक मिलच्या भिंतीवर त्याचा तक्ता टांगलेला असे, पालथा निजलेला माणूस आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलेला दुसरा. शिकवणारे हसले नाहीत. त्यांनी पुतळा पुन्हा उताणा केला आणि म्हणाले, "बाबा, आता ही पद्धत बदलली आहे. आता छातीवर दाबतात."

काकाजींना ते ऐकू गेलं नसावं. ते गोंधळून माझ्याकडे पाहू लागले. मी त्यांच्या चांगल्या कानाशी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बाजूला झाले. "तू कर," म्हणाले. "मी पायतो."

मी हात ठेवले. छातीच्या मधोमध, एका तळव्यावर दुसरा तळवा. रबर थंड होतं. दाबायला सुरुवात करायची होती, पण मला नुसतं तसंच राहावंसं वाटलं. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत यांना धाप लागायची, तेव्हा मी अशीच छातीवर हात ठेवून बसायची. त्यानंतर कुणाच्या छातीवर माझा हात गेला नव्हता. जाणार तरी कुणाच्या.

"मॅडम, सुरू करा," शिकवणारे म्हणाले.

मी सुरू केलं. हात सरळ, खांद्यातून जोर. चांगलं जमत होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. काकाजींनी ते पाहिलं. ठरलेलं काम त्यांचं, मदतीला हाक देण्याचं. ते हॉलच्या दाराकडे तोंड करून खणखणीत ओरडले, "धावा हो! इकडं या!" सगळे पुन्हा हसले, पण या वेळी सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे वळली आणि माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मग ते माझ्या जागी आले आणि नव्या पद्धतीनं दाबू लागले.

जेवताना ते माझ्या शेजारी बसले. मी पिशवी खाली ठेवली.

"मी एक मानूस वाचवला होता," ते म्हणाले. "धानाच्या बांधीत. मोटारीचं करंट लागलं होतं त्याले. पाठ दाबून दाबून वाचवला. आता हे म्हनते, तसं नाही करा लागत. मंग तो कसा वाचला?"

मी म्हटलं, "तेव्हा तुम्हाला जे येत होतं ते तुम्ही केलं. म्हणून वाचला असेल."

ते वरण-भात कालवत राहिले.

त्यांच्या घराण्यातले लोक पूर्वी तलाव बांधायचे. काकाजी विजेच्या कामाला लागले. आता मुलगा शेती बघतो. दोन-तीन वर्षं झाली, काकाजींनी काम सोडलंय.

"मग परवाना कशाला ठेवता?" मी विचारलं.

"कायले ठेवतो?" ते हसले. "घरी मले कोनी काई विचारत नाही. ऐकू येत नाही तं बोलून काय फायदा, असं वाटते त्यायले. पन लायसनचं शिबिर आलं का मले या लागते. आलो का कोनी तं नाव विचारते."

दुपारच्या वर्गात ते माझ्या उजवीकडे बसले. प्रत्येक मुद्दा झाला की मी त्यांच्या कानाशी थोडक्यात सांगायची. आधी मला वाटलं, लोकांना त्रास होईल. पण कुणी काही म्हटलं नाही. सोलरचं त्यांना पटलं नाही. "रातच्याले काय करन ते?" म्हणून त्यांनी विचारलं आणि मी बॅटरीचं समजावलं. त्या तासाभरात मला बाकी कसली आठवण आली नाही.

नंतर एक-दोनदा तिरोड्याकडचं काम निघालं तेव्हा मी त्यांना बोलावलं. अर्थिंग तपासायला लांब अंतरावर खुंट्या रोवाव्या लागतात, एका माणसाचं ते काम नाही. ते सायकलवर यायचे, खुंट्या ठोकायचे, मीटरचा काटा वाकून बघायचे. परत जाताना दर वेळी विचारायचे, "पुढचं कधी?" पण पुढचं काम लवकर निघत नसे.

पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी शिबिर झालंच नाही. सगळं मोबाईलवर आलं. घरी बसून व्हिडिओ पाहायचे, मधूनमधून प्रश्न येतात त्यांची उत्तरं द्यायची, शेवटी दाखला मिळतो. मुलानं हैदराबादहून फोन करून कसं उघडायचं ते शिकवलं. "किती सोपं झालं ना आई, कुठं जायला नको," तो म्हणाला.

मी दुकानात बसून पहिला व्हिडिओ लावला. एक बाई हिंदीत बोलत होती, तिच्यामागे रंगीत चित्रं हलत होती. मध्येच ते थांबलं आणि पडद्यावर विचारणा आली, पाहत असाल तर बटण दाबा. मी दाबलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. चौथ्या-पाचव्या वेळी मी मोबाईल पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी चोरखमाऱ्याला गेले. काकाजी अंगणात खाटेवर होते. मला पाहून उठून बसले. त्यांच्या सूनबाईनं चहा ठेवला.

"शिबिर हाय का?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी कानाशी सांगितलं. "या वेळी इथंच आहे. मोबाईलवर."

"इथं?" त्यांना ते खरं वाटेना.

त्यांच्या मुलाच्या मोबाईलवर त्यांचं आणि माझ्या मोबाईलवर माझं, असं दोन्हीकडे उघडलं. आवाज पूर्ण मोठा केला तरी त्यांना नीट कळत नव्हतं, म्हणून मी एकेक वाक्य सांगत होते. सूनबाई आतून म्हणाली, "बाई, पूर्ण मोहल्ल्याले बिजली शिकवून राहिल्या तुमी." तीही मग हात पुसत येऊन बसली. मिक्सरला हात लावला की झिणझिण्या येतात, ते कशानं, असं तिनं विचारलं. काकाजींनी तिला त्याचं कारण सांगितलं. सून त्यांना काही विचारते आहे आणि ते सांगताहेत, हे त्या अंगणात बहुधा बऱ्याच दिवसांनी घडत होतं. तिनं मिक्सरच आणून समोर ठेवला. आम्ही दोघांनी प्लग उघडला, निसटलेली अर्थची वायर जोडली.

एका दिवसात अभ्यासक्रम संपला नाही. मी आठवड्यानं पुन्हा गेले. दोघांचेही दाखले आले. काकाजींनी आपला छापून आणायला लावला, मोबाईलमधला त्यांना खरा वाटत नव्हता.

त्या हिवाळ्यात त्यांची मुलगी येऊन त्यांना रायपूरला घेऊन गेली. तिकडे दवाखाना जवळ, आणि इकडे मुलाच्या घरी कुणाला वेळ नव्हता. तिरोड्याच्या स्टेशनवर मी भेटायला गेले होते. गाडी सुटायला वेळ होता. ते म्हणाले, "तिकडं आपलं लायसन चालत नाही म्हनते. दुसरं राज्य हाय."

"नाही चालत," मी म्हटलं.

"मंग कायले काढलो आपन?"

ते स्वतःच म्हणाले, "राहू दे. काढलो तं काढलो." गाडी आली, मुलीनं त्यांना चढवलं, खिडकीत बसवलं. त्यांचा चांगला कान पलीकडच्या बाजूला गेला होता. मी काय म्हटलं ते त्यांना ऐकू गेलं नाही, आणि मी ते पुन्हा म्हटलं नाही.

तिरोड्याहून गोंदिया आणि गोंदियाहून सडक अर्जुनी, असा तो परतीचा प्रवास लांबचा झाला. बसमध्ये शेजारी भाताचं पोतं घेऊन एक माणूस बसला होता आणि त्याला झोप लागली होती. मी खिडकीबाहेर पाहत होते. कापणी झालेल्या बांध्या, पंपांच्या छोट्या खोल्या, त्यांवरून गेलेल्या तारा. कुठे तार सैल झालेली दिसली की मनात नोंद होत होती, आणि ती सांगायला कुणी नव्हतं.

रायपूरहून कधीमधी फोन येतो. काकाजींना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून मुलगीच बोलते आणि ते मागून सांगत असतात. परवा तिनं तिकडच्या सवयीनं हिंदीत विचारलं, "बाबूजी पूछ रहे हैं, अगला शिविर कब है?"

मी म्हटलं, अजून अवकाश आहे. तिनं ते त्यांना ओरडून सांगितलं. मागून त्यांचा आवाज आला. मुलगी म्हणाली, "कह रहे हैं, आएगा तो बताना."

"सांगीन म्हणावं," मी म्हटलं, आणि समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला होल्डर काढून दिला.