शपथेवर दिलेलं पहिलं उत्तर

मैत्रिणींनो, आज गेवराईच्या कोर्टात माझी साक्ष होती. वारलेल्या नवऱ्याच्या वाट्याच्या जमिनीसाठी मी सासऱ्यांवरच केस केलीय.

वकीलबाईंनी बजावलं होतं, "साधी साडी, पदर खांद्यावर, जजसाहेबांकडं बघून मोठ्यानं बोला." घरी आरशासमोर लई तालीम केली.

शपथ झाली अन् सासरे समोर येऊन बसले. बारा वर्षांत त्यांच्यापुढं कधी तोंड उघडलं नव्हतं. हात आपोआप वर गेला, पदर डोक्यावर आला, नजर पायांकडं गेली.

साहेबांनी विचारलं, "बाई, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

पदर दातांत धरून म्हणाले, "न्हाई साहेब."

कोर्टातनं गावाला परतायला एकच गाडी. सासरे पुढच्या सीटवर, मी मागं. पदर अजून डोक्यावरच.

तुम्हीच सांगा, शपथेवर खोटं बोलले का मी?